थकवा आणि थकबाकी

मराठीत माणूसही थकतो आणि रक्कमही थकते. उर्दूत तसे नाही. तिथे माणूस थकतो, पण पैसा ‘बकाया’ राहतो. दोघांची घरे वेगळी. शाळेत आम्ही दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून अशा शब्दांकडे लक्ष जाते. ‘थकबाकी’ हा शब्द फळ्यावर फोडून दाखवला की मागच्या बाकावरून कुणी ना कुणी विचारतेच, “म्हणजे पैसे दमले का?” वर्ग हसतो, आम्हीही हसतो. पण गेल्या तीन-चार वर्षांत आमच्या घरात जे पाहिले, त्यानंतर तो प्रश्न आम्हाला बराच शहाणपणाचा वाटू लागला आहे. (उर्दूतल्या ‘हम’ची सवय लेखणीलाही लागली आहे, तेव्हा एकट्या बाईच्या या ‘आम्ही’कडे वाचकांनी कानाडोळा करावा.)

आमच्या ह्यांचा सोलापुरात शाळेच्या गणवेशांचा लहानसा कारखाना आहे. सोलापूर म्हटले की लोकांना चादर आठवते, पण गणवेशांचा धंदाही इथे चांगला रुजला आहे. महाराष्ट्रातल्याच नव्हे, शेजारच्या कर्नाटक-तेलंगणातल्या शाळांचेही शर्ट, पॅन्ट, स्कर्ट इथल्या गल्ल्यांतून शिवून जातात. हे आधी दुसऱ्याच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. २००९ साली तीन मशिन घेऊन भाड्याच्या खोलीत स्वतःचे काम सुरू केले. दहा वर्षांत तिनाच्या चौदा मशिन झाल्या, ओव्हरलॉक आली, काज-बटणाची मशिन आली, आणि विडी वळण्याचे काम सोडून आलेल्या आठ-दहा बायकांच्या घरी नगावर मजुरी जाऊ लागली.

ह्यांचा हात कटिंगचा. कापडाचे थर एकावर एक अंथरून त्यावर खडूने आखणी करताना कुठला तुकडा कुठे बसवला म्हणजे वीतभर कापड वाचेल, हे त्यांना दिसते. लग्नाच्या पंगतीत बसले तरी शेजाऱ्याच्या बाहीचे कापड दोन बोटांत धरून पाहणार. मुलांना त्याची लाज वाटायची. आम्हाला नाही वाटली. ज्याला आपल्या कामाचा असा छंद असतो, त्याच्या घरात बरकत असते असे आमच्या अम्मा म्हणत.

हा धंदा शाळेच्या वेळापत्रकावर चालतो, पण शाळेच्या पगारासारखा नाही. दिवाळीनंतर नमुने शिवायचे. जानेवारी-फेब्रुवारीत शाळांचे होकार मिळवायचे. मार्चपासून मे अखेरपर्यंत रात्रंदिवस शिलाई. गेली काही वर्षे रमजानही नेमका याच हंगामात येतो, म्हणजे सहरीपासून तरावीहपर्यंतचा दिवस कारखान्याभोवती फिरतो. जूनमध्ये माल पोचवायचा. आणि पैसे? ते समोरच्याच्या सवडीने. कधी दिवाळीला, कधी पुढच्या मार्चला. भिलवाड्याच्या सुटिंगवाल्याला आणि इचलकरंजीच्या शर्टिंगवाल्याला मात्र दोन महिन्यांत हवे असतात, कारागिरांना दर आठवड्याला. मधली दरी मालकाने स्वतःच्या छातीवर पेलायची. आमच्यासारख्या एक तारखेची वाट पाहणाऱ्यांना ही दरी नुसती ऐकून कळत नाही. जवळ राहून कळते.

मार्च २०२० मध्ये कापडाचे तागे नुकतेच येऊन पडले होते आणि टाळेबंदी लागली. शाळा बंद, म्हणजे गणवेश कुणाला? ओव्हरलॉकवरची उत्तर प्रदेशची दोन मुले श्रमिक गाडी मिळेपर्यंत कारखान्यातच राहिली, त्यांचे जेवण आमच्या चुलीवरून जायचे. त्या वर्षी ईदची नमाज घरातच झाली. पण सांगण्यासारखी गोष्ट ही की त्या काळात हे खचले नाहीत. शर्टिंगचे मास्क शिवले, बायकांची मजुरी निम्मी का होईना चालू ठेवली, कापडवाल्यांना फोन करून मुदत मागितली. रात्री हिशेब मांडताना तोंडावर चिंता असायची, पण डोळ्यांत पाणीदारपणा होता. शाळा रडतखडत उघडल्या, पुन्हा मिटल्या, आणि अखेर जून २०२२ ला नेहमीसारखी घंटा झाली. दोन वर्षांत पोरे वाढली होती, जुना गणवेश कुणालाच येत नव्हता. एवढे काम आमच्या कारखान्याने आधी कधी पाहिले नव्हते.

आणि मग, सगळे सुरळीत झाल्यावर, हे बसले.

२०२३ च्या पावसाळ्यापासून ते दिसू लागले. सकाळी नऊला उघडणारे शटर अकराला, मग बाराला उघडू लागले. फोन वाजला की पालथा घालून ठेवायचे. दिवाळी झाली, नमुने शिवायचे दिवस आले, तागे तसेच. चिडचिड म्हणावी तर तीही नाही; चिडायलाही ताकद लागते. एका निकाहला गेलो होतो, समोर उंची शेरवान्या फिरत होत्या, ह्यांनी एकीकडेही मान वळवून पाहिले नाही. आम्हाला खरी भीती त्या दिवशी वाटली.

संकट चालू असताना माणूस उभा राहतो आणि संकट टळल्यावर कोसळतो, हे शिक्षकांना नवे नाही. परीक्षा चालू असताना कुणी आजारी पडत नाही. सुटी लागली की निम्मी स्टाफरूम अंथरूण धरते. फरक इतकाच की आम्हाला सुटी असते. किरकोळ रजा असते, मे महिना असतो, रजा मंजूर करणारे कुणीतरी असते. ज्याने धंदा स्वतः उभा केला त्याची रजा कोण मंजूर करणार? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या या अवस्थेची तीन लक्षणे नमूद केली: शक्ती संपल्यासारखे वाटणे, आपल्याच कामापासून मनाने दूर जाणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. संघटनेने त्याला रोग म्हटलेले नाही, कामाच्या ठिकाणी उद्भवणारी अवस्था म्हटले आहे. तिन्ही लक्षणे आमच्या बैठकीच्या खोलीत, दिवाणावर, भिंतीकडे तोंड करून पडलेली होती.

उपाय सांगणाऱ्यांची कमी नव्हती. ह्यांच्या मित्रांनी मोबाईलवर व्याख्यानांचे व्हिडिओ पाठवले. सूट घातलेले लोक टाळ्यांच्या गजरात सांगत होते की हार मानू नका, पहाटे चारला उठा, वाघासारखे जगा. फजरला उठणाऱ्या माणसाला पहाटेचे कौतुक काय सांगावे! या व्याख्यानांविषयी आमचे मत विचाराल तर ती ग्लुकोजच्या बिस्किटासारखी असतात. भूक तेवढ्यापुरती मरते, जेवण होत नाही. आणि जो माणूस आधीच स्वतःला नालायक समजू लागला आहे, त्याला असे व्हिडिओ आणखी खाली ढकलतात: बघ, लोक वाघ आहेत आणि तू दिवाणावर.

आम्ही सर्वांत आधी त्यांना दवाखान्यात नेले. हे वाचकांना मुद्दाम सांगतो, कारण आपल्या घरांत पुरुषाचा थकवा एक तर आळस ठरतो नाही तर नजर. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, आणि गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, एवढे तरी करून घ्यावे. ह्यांची साखर बरीच वाढलेली निघाली. गोळी सुरू झाली, रात्रीचे जागरण डॉक्टरांनी बंद करायला सांगितले, दोन महिन्यांत चालण्यात फरक पडला. मन मात्र तिथेच होते.

त्याच सुमारास, २०२४ च्या जानेवारीत, एक व्यापारी घरी आला. सगळ्या मशिन, इस्त्रीचे टेबल, उरलेले कापड, एकरकमी उचलायची त्याची तयारी होती. किंमत अगदी वाईट नव्हती. तो गेल्यावर हे म्हणाले, “बस हुआ अब. देऊन टाकू.” पंधरा वर्षांचे काम त्या तीन शब्दांत आटोपत होते. मुलगा बारावीत, मुलगी नववीत, कारखान्यावर अकरा घरे. आमच्या पगारात घर चालले असते, ओढाताणीने का होईना. त्यामुळे नाही म्हणायला भुकेचे कारणही हाताशी नव्हते. आम्ही एवढेच म्हटले की देऊ, पण आधी काय काय थकले आहे ते एकदा कागदावर येऊ दे. देणाऱ्यालाही आपण काय देतोय ते माहीत हवे.

शाळेच्या कपाटातली एक फुलस्केप वही आणली. तीन रात्री, इशानंतर, आम्ही लिहीत होतो आणि हे आठवून सांगत होते. नऊ शाळांकडून येणे अकरा लाख चाळीस हजार. सर्वांत जुने बिल २०२२ चे. कापडवाल्यांचे देणे सहा लाखांच्या वर. धाकट्या दिरांचे उसने सव्वा लाख, ज्याविषयी त्यांनी कधी विचारले नव्हते आणि म्हणूनच ते ह्यांना सर्वांत जड वाटत होते. मग रकमा संपल्या आणि दुसरेच काही येऊ लागले. दोन वर्षे टाळलेला जीएसटीचा एक प्रश्न. पडून असलेल्या बंद रंगाच्या तीनशे मीटर कापडाचे काय करायचे, हा न घेतलेला निर्णय. आणि तिसऱ्या रात्री, बराच वेळ गप्प राहून, मास्तरांचे नाव.

मास्तर म्हणजे ह्यांच्याकडे बारा वर्षे असलेले कटिंग मास्तर, तेलुगू बोलणारे, वयाने ह्यांच्याहून मोठे. २०२२ च्या त्या धबडग्यात एका तारखेवरून शब्दाला शब्द लागला आणि ते निघून गेले. तेव्हापासून ह्यांनी कटिंगच्या टेबलावर नवा माणूस ठेवला आणि स्वतः फोन, वसुली, बिले, वाहतूक यांत बुडाले. म्हणजे ज्या कामासाठी कारखाना काढला, ते काम सोडून बाकी सगळे काम ह्यांच्या अंगावर आले होते. वहीत ते लिहिले गेले तेव्हा हे स्वतःच म्हणाले, “कैची हातात धरून दीड वर्ष झाले.”

इथे आम्हाला होंडांची गोष्ट आठवली. होंडा हे नाव आपल्याकडे मोटारसायकलमुळे घरोघरी पोचले आहे, पण माणूस फारसा माहीत नाही. सोइचिरो होंडा जपानच्या हामामात्सू भागात इंजिनासाठी पिस्टन रिंग बनवत. युद्धात एक कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला, १९४५ च्या भूकंपात दुसरा पडला. युद्ध संपल्यावर उरलेसुरले त्यांनी टोयोटाला साडेचार लाख येनला विकले आणि सुमारे वर्षभर काहीच काम केले नाही. मग १९४६ मध्ये एका लहान शेडमध्ये पुन्हा सुरुवात केली, सैन्याच्या वायरलेस संचांसाठी बनवलेली छोटी इंजिने सायकलींना बसवून. लोक ही गोष्ट सांगताना इथे थांबतात. आमच्या मते पुढचा भाग जास्त कामाचा आहे. १९४९ मध्ये ताकेओ फुजिसावा नावाचे गृहस्थ त्यांना येऊन मिळाले. पैसा, विक्री, वसुली फुजिसावांनी पाहायची आणि होंडांनी कारखान्यात तेलाचे हात करायचे, अशी वाटणी झाली. ती चोवीस वर्षे टिकली. १९७३ मध्ये दोघे एकत्रच निवृत्त झाले.

वर्षभराची विश्रांती आपल्याला परवडणारी नाही. होंडांच्या हातात कारखाना विकल्याचे पैसे होते. फुजिसावा मात्र शोधता येतो. ह्यांना गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, “आपल्याकडे कुठला जपानी येणार?” जपानी आला नाही, ह्यांची भाची आली. बी.कॉम. झालेली, लग्न होऊन गल्लीतच राहणारी, जिभेवर साखर आणि डोक्यात आकडे असलेली मुलगी. पगार ठरवून दिला. नात्यातले काम म्हणून फुकट घेतले नाही, हे आम्ही आवर्जून पाहिले. वसुलीचा फोन तिच्याकडे गेला आणि दुसऱ्या आठवड्यात आमच्या घरातले जेवण फोनशिवाय पार पडले.

तिने आल्या आल्या ह्यांची उद्यम नोंदणी शोधली. नव्हतीच. जुलै २०२० पासून ही नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फी नाही. मधल्या दलालाला हजार-दोन हजार देण्याची गरज नाही. तिचा उपयोग असा की २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे अशा लहान उद्योगाचा माल घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मुदत ठरलेलीच नसेल तर १५ दिवस. उशिरासाठी कायद्यात व्याजही आहे. ते आम्हाला घ्यायचे नव्हते, मुदतीचा आधार पुरेसा होता. आता नोंदणीच नव्हती तेव्हाच्या जुन्या बिलांवर या कायद्याचा धाक दाखवता येईना. त्यासाठी भाचीने साधी, नम्र, तारीखवार पत्रे पाठवली. नवीन ऑर्डरीच्या कागदावर मात्र नोंदणी क्रमांक आणि ४५ दिवस छापून टाकले.

पत्रांनी चमत्कार केला नाही. नऊपैकी चार शाळांनी महिन्याभरात पूर्ण पैसे दिले. त्यांतल्या एका मुख्याध्यापकांनी तर फोन करून सांगितले की बिल फाईलमध्येच राहून गेले होते, कुणी विचारलेच नाही. तिघांनी हप्ते पाडून घेतले. एकाकडून अजून निम्मे यायचे आहे. आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या एका संस्थेकडचे एक लाख ऐंशी हजार बुडाले, असे धरून ह्यांनी वहीतल्या त्या ओळीवर स्वतःच्या हाताने रेघ मारली. ही रेघ मारायला त्यांना आठ दिवस लागले. पण त्या रात्री ते गाढ झोपले. येणार नाही असे ठरलेला पैसा येईल-येईल म्हणणाऱ्या पैशापेक्षा हलका असतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. आलेल्या पैशातून पहिले देणे दिरांचे फेडले. ते घेईनात. ह्यांनी त्यांच्या अंगणात उभे राहून हातात कोंबले.

त्या वर्षी काम कमी घेतले. आगाऊ रक्कम न देणाऱ्या शाळांना नाही सांगितले. त्यात आमच्या ओळखीची एक शाळाही होती, आणि आमच्यापर्यंत नाराजी पोचली. उलाढाल चौथ्या हिश्श्याने घटली. त्या व्यापाऱ्याला पाच मशिन विकल्या, नऊ ठेवल्या. शुक्रवारी पूर्ण बंद, हंगामातही. मालेगावच्या यंत्रमागांची सुटी शुक्रवारची असते, एवढा खडखडाट एक दिवस थांबू शकतो तर नऊ मशिन का नाही, असा आमचा सवाल होता. पहिले काही शुक्रवार हे नमाजनंतर किल्ली घेऊन उगाच कारखान्यापर्यंत जाऊन यायचे.

राहिले मास्तर. ह्यांनी त्यांच्याकडे जावे असे आम्ही एकदाच म्हटले आणि मग गप्प बसलो. ईदच्या तिसऱ्या दिवशी शीरखुर्म्याचा डबा घेऊन हे एकटेच गेले. तिथे काय बोलणे झाले ते आम्हाला आजवर कळलेले नाही. परत आले तेव्हा डबा रिकामा होता, आणि हातात मास्तरांच्या घरच्या पुरणपोळ्या होत्या. मास्तरांना आता नजरेचा त्रास आहे, रोजचे काम झेपत नाही. आठवड्यातून दोन दिवस येतात, खुर्चीवर बसून आखणी पाहतात आणि चुका काढतात. ते सांगतात आणि हे कापतात. पंधरा वर्षे मालक राहिलेल्या माणसाला पुन्हा शिकाऊ झाल्यासारखे वाटत असावे. काही असो, शटर नऊला उघडते.

उमेद परत आली ती एकदम नाही, आणि कायमचीही नाही. मधे एखादा आठवडा तसाच जातो, फोन पुन्हा पालथा होतो. पूर्वी आम्ही घाबरलो असतो. आता वही काढतो. बहुतेक वेळा काहीतरी थकलेले सापडते. कधी बिल, कधी झोप, कधी कुणाला द्यायचा राहिलेला होकार किंवा नकार. कधी काहीच सापडत नाही, मग ते दिवस तसेच जाऊ देतो.

बंद रंगाचे ते तीनशे मीटर कापड अजून पडून होते. या मे महिन्यात ह्यांनी ते टेबलावर अंथरले आणि त्यातून दप्तरांच्या पिशव्या कापल्या. एकीचा बंद लहान आहे, असे मास्तरांचे म्हणणे पडले. त्यावर दोघांचा चांगला अर्धा तास वाद झाला, एक तेलुगूत, एक आपल्या बोलीत. आम्ही चहा घेऊन गेलो होतो, तो तिथेच निवला. पिशव्यांची पहिली शंभर विकली गेली आहेत, बंद थोडा वाढवून.